‘उत्तर उताऱ्यातच सापडतं, मग समजून कशाला घ्यायचं?’

पत्र:

‘मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. मुलं उतारा घडाघडा वाचतात, पण काय वाचलं असं विचारलं की एकमेकांकडे बघतात. म्हणून या वर्षी कृतिसंशोधनासाठी, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गावर करायच्या छोट्या अभ्यासासाठी, हाच विषय घेतला. नववीच्या वर्गाला पहिल्या सत्रात पाच युक्त्या शिकवल्या: शीर्षकावरून अंदाज बांधणं, वाचताना स्वतःला प्रश्न विचारणं, महत्त्वाचं अधोरेखित करणं, अवघड शब्दाचा अर्थ मागच्यापुढच्या वाक्यांवरून लावणं आणि शेवटी सारांश सांगणं. सत्र संपताना प्रश्नावली भरून घेतली. जवळजवळ सगळ्यांनी सगळ्या युक्त्यांपुढे “नेहमी वापरतो” आणि “खूप उपयोगी” अशी खूण केली. मला आनंद झाला. मग चाचणीतल्या अपठित उताऱ्याचे गुण पाहिले. ते होते तिथेच आहेत! प्रश्नावलीच्या तळाशी “आणखी काही सांगायचं असल्यास” अशी जागा ठेवली होती. तिथे एका मुलाने लिहिलं, “हे सगळं करत बसलं तर पेपर पुरा होत नाही.” आणि वर्गातल्या एका हुशार मुलीने लिहिलं, “बाई, उत्तर उताऱ्यातच सापडतं, मग समजून कशाला घ्यायचं?” मुलं माझ्याशी खोटं बोलली का? हे पुढे चालू ठेवू का? मुख्याध्यापकांना अहवाल द्यायचा आहे, त्यात काय लिहू? जाता जाता, वर्गातल्या काही मुलांच्या घरी कन्नड बोलतात, त्याचाही यात हात असेल का?’

– एक शिक्षिका

उत्तर:

नमस्कार मॅडम,

मुलं खोटं बोललेली नाहीत. पण तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तरही त्यांनी दिलेलं नाही. ‘समजलं का?’ असं वर्गात विचारल्यावर जो एकसुरात ‘होऽऽ’ येतो, तोच या वेळी कागदावर ‘नेहमी’च्या रकान्यात जाऊन बसला आहे. ज्या बाईंनी शिकवलं त्याच बाई कागद वाटताहेत, त्याच गोळा करणार, आणि कुठे खूण केली की बाईंना बरं वाटेल हे नववीतल्या मुलाला सांगावं लागत नाही. ‘रोज दात घासतोस का?’ या प्रश्नाला नाही कोण म्हणतं?

तुमची प्रश्नावली वाईट होती असं मात्र नाही. संशोधकही याच घाटाच्या प्रश्नावल्या वापरतात. मोख्तारी यांनी एका सहकारी संशोधिकेबरोबर २००२ साली ‘मार्सी’ नावाची, वाचनाच्या युक्त्यांबद्दलच्या ३० विधानांची प्रश्नावली तयार केली, सहावी ते बारावीच्या अमेरिकी मुलांसाठी. ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच पायऱ्या, तुमच्यासारख्याच. ती तयार करणाऱ्यांनीच बजावून ठेवलं आहे की मूल जे करतो म्हणतं ते ते खरोखर करतं का, हे नुसत्या या कागदावरून ठरवता येत नाही. लोक प्रश्नावली उचलतात आणि ही ताकीद तिथेच ठेवतात.

आणखी एक गुंता आहे, तो मुलांच्या सरळपणातच आहे. वाचन सुरळीत झालं की समजलं असं मनापासून वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार फेऱ्यांमध्ये वाचला. दुसऱ्या गटाने एकाच फेरीत वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांमध्ये, उतारा समोर न ठेवता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत अशी की आपल्याला चांगलं लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. पुढे २००९ मध्ये याच मंडळींनी १७७ विद्यार्थ्यांना अभ्यास कसा करता असं विचारलं. ८४ टक्के म्हणाले, नोट्स किंवा पुस्तक पुन्हा वाचतो. पुस्तक मिटून आठवून बघतो असं सांगणारे होते अवघे ११ टक्के. हे सेंट लुइसच्या एका नामांकित विद्यापीठातले विद्यार्थी, आणि प्रयोग लक्षात राहण्याबद्दलचा, आकलनाबद्दलचा नाही. तेव्हा तुमच्या नववीला तो जसाच्या तसा लावू नका. पण आपलं आपल्याला किती कळलंय याचा अंदाज कसा चुकतो, ते यातून दिसतं. तुमच्या मुलांनी ‘खूप उपयोगी’ लिहिलं ते त्या क्षणी त्यांना तसं वाटत होतं म्हणून.

आता त्या मुलीकडे येऊ. तिचं म्हणणं उद्धटपणाचं वाटलं असेल तर तो समज आधी काढून टाका. तुमच्या सगळ्या वर्गात परीक्षेचं आकलन तिचं सर्वात पक्कं आहे. पुढचे दोन ओळींचे शब्द मी आत्ता जुळवले आहेत, त्यांना काही अर्थ नाही:

‘उन्हं कलताच दोन्ही बिरकुट्यांनी आपापले फुंगटे झरपले आणि त्या खळवंडीकडे निघाल्या. वाटेत एक मेंगाळ दिसला, म्हणून त्या फुंगटे पसरून पुन्हा बसल्या.’

बिरकुट्यांनी काय झरपले? आपापले फुंगटे. त्या कुठे निघाल्या? खळवंडीकडे. वाटेत काय दिसले? मेंगाळ. त्या पुन्हा का बसल्या? कारण त्यांना वाटेत एक मेंगाळ दिसला. आकृतिबंध पूर्ण करा म्हटलं तर तोही होईल, जोड्या लावा म्हटलं तर त्याही लागतील. पैकीच्या पैकी गुण! आणि बिरकुटी हा पक्षी आहे, बाई आहे की छत्री आहे हे कोणालाच माहीत नाही, मलासुद्धा नाही. हा उतारा उद्या फळ्यावर लिहा, मुलांना सोडवू द्या, मुकाट्याने तपासून गुण द्या आणि मग विचारा: ‘गोष्ट काय आहे, सांगा बरं.’ तुमच्या पाच युक्त्यांची गरज का आहे हे तुम्ही सत्रभर सांगत होतात. ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसेल. आधी हसतील, हसू द्या.

त्या मुलीचा हिशेब आणखी एका अंगाने बरोबर आहे. दहावीच्या मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याला ४ गुण असतात. तीन तासांत ८० गुण म्हणजे या ४ गुणांच्या वाट्याला साधारण नऊ मिनिटं. त्यात उतारा वाचायचा, कृती सोडवायच्या आणि वर शीर्षकावरून अंदाज बांधा, स्वतःला प्रश्न विचारा, अधोरेखित करा, सारांश काढा? पेपर पुरा होत नाही असं म्हणणारा मुलगा रडगाणं गात नाहीये, गणित मांडतोय. त्याच अपठित उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश लिहायची सोय उपयोजित लेखनात आहे, पण समोर पत्रलेखनाचा पर्याय असतो, आणि माझ्या पाहण्यातली बहुतेक मुलं डोळे मिटून पत्र घेतात. पत्राचा साचा पाठ करता येतो, सारांशाचा येत नाही.

म्हणजे मुलांचं मत चुकलेलं नाही. आपण जे काम दिलं त्या कामाला त्या युक्त्या लागतच नाहीत, एवढंच ती सांगताहेत. तुम्ही युक्त्या बदलायला निघाल्या आहात. आधी प्रश्न बदला. माझा सल्ला मुळात एवढाच आहे, बाकीचं पुढचं सगळं त्याच्या तपशिलाचं.

(ही खोड फक्त आपल्याकडची नाही. डोलोरेस डर्किन या अभ्यासिकेने सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या चौथीच्या वर्गांमध्ये बसून वाचनाच्या तासांची ४,४६९ मिनिटं मोजली. वाचलेलं समजून कसं घ्यायचं हे प्रत्यक्ष शिकवण्यात त्यातली २० मिनिटं गेली होती. शिक्षक प्रश्न मात्र भरपूर विचारत होते. म्हणजे तपासणी चालू होती, शिकवणं नव्हतं.)

प्रश्न कसा बदलायचा? तुमच्या भागातला उतारा घेऊ. सोलापूर जिल्हा, म्हणजे ऊस आलाच.

‘सकाळीच तोड उरकली होती, पण गाडी आली नाही. मोळ्या फडातच पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी ट्रॉली काट्यावर चढली. बापूंनी आकडा पाहिला आणि काही न बोलता टोपी काढून घाम पुसला.’

‘ट्रॉली कधी काट्यावर चढली?’ हा बिरकुट्यांच्या जातीचा प्रश्न. ‘बापू गप्प का झाले?’ हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर उताऱ्यात नाही. तुमची ती हुशार मुलगी सवयीने लिहील, ‘कारण त्यांनी आकडा पाहिला.’ आणि मागच्या बाकावरचा एखादा, ज्याच्या वाचनाला आपण ‘कच्चं’ म्हणतो, तो म्हणेल, ‘बाई, वजन घटलं ना! तोडलेला ऊस उन्हात पडला की वाळतो.’ कदाचित पुढचंही सांगेल, की नुसतं वजन नाही, ऊस शिळा झाला की साखरेचा उताराही (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) पडतो, मग कारखाना कुरकुरतो. त्याला कोणी ‘अनुमान काढण्याची युक्ती’ शिकवलेली नाही. त्याने ट्रॉली काट्यावर चढताना पाहिलेली आहे आणि बापूंसारखा कोणीतरी त्याच्या घरात आहे.

इथे थोडं थांबू या, कारण युक्त्या शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांची नजर इथूनच हटते. रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ साली अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. विषयाची ओळख असली की वाचन अर्धं झालेलं असतं. ओळख नसेल तर उलटं होतं. तुमच्या वर्गाला हे वाक्य द्या: ‘त्याला कशीबशी चौथी सीट मिळाली, आणि बसल्या बसल्या त्याने समोरच्याला विचारून घेतलं, कुठे उतरणार?’ शब्द एकही अवघड नाही. मुंबईचं मूल हसेल, कारण लोकलमध्ये तिघांच्या बाकड्यावर चौथा कसा टेकतो आणि उतरणाऱ्याची जागा आधीच कशी ठरवून ठेवतात हे त्याच्या अंगवळणी पडलंय. तुमच्या मुलांना यातलं काहीच लागणार नाही. मागच्यापुढच्या वाक्यांवरून अर्थ लावा असं कितीही सांगितलं तरी मागेपुढे काही असेल तर ना!

म्हणून ‘उतारा अवघड होता’ असं मूल म्हणालं तर त्याला भाषा अवघड गेली असंच धरू नका. अनोळखी विषयाचा उतारा असेल त्या दिवशी वाचनाआधी पाच मिनिटं त्या विषयावर गप्पा मारा, नकाशा दाखवा, फळ्यावर चित्र काढा. शीर्षकावरून अंदाज बांधण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, असं माझं मत आहे. शीर्षकावरून अंदाज हा खेळ गोष्टीला शोभतो. ‘भूजल पातळी: एक चिंतन’ या शीर्षकावरून कोण काय अंदाज बांधणार?

आता तुमच्या पाच युक्त्यांबद्दल. पाच फार झाल्या. सत्रभरात एक नीट मुरली तरी पुष्कळ.

अधोरेखन तूर्त बंद करा. मुलं सगळंच अधोरेखित करतात, वह्या रंगपंचमी खेळल्यासारख्या दिसतात आणि काम केल्याचं समाधान मिळतं. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन चाळून त्यांची प्रतवारी लावली, त्यात अधोरेखन आणि पुन्हा वाचणं दोन्ही तळाशी आहेत. वरच्या श्रेणीत आहेत स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास अंतराअंतराने करणं. सारांशही त्यांनी खालीच टाकला, पण कारण वेगळं आहे: सारांश करायला आधी शिकावं लागतं, आणि न शिकता केलेला सारांश म्हणजे पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि मधली दोन गाळलेली वाक्यं. तो दहावीसाठी ठेवा.

मी दोनच गोष्टी ठेवेन. एक, आपण कुठे अडलो ते ओळखणं. वाचताना जिथे गाडी रुतली तिथे समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह करायचं, बस्स. गुण नाहीत, शाबासकी नाही, आणि ज्याच्या पानावर एकही प्रश्नचिन्ह नाही त्याला कौतुकाने बघायचं नाही. दोन, पान उलटं ठेवून शेजारच्याला सांगणं: ‘यात काय होतं?’ आपल्या शब्दांत, बोलीत, हातवारे करून, कसंही. जिथे सांगणं तुटतं तिथे पान पुन्हा उघडायचं. प्रश्न विचारण्याची तुमची युक्ती यातच येते. शेजारी विचारतोच, ‘मग ती का गेली?’ तेव्हा ती वेगळी शिकवायला नको.

हे जोड्यांमध्ये जमलं की पाळी बदलून बघा. पालिन्क्सर आणि ब्राउन या दोघींनी १९८४ साली प्रसिद्ध केलेली पद्धत हीच आहे. मोठ्याने वाचता येतं पण कळत नाही अशा सातवीच्या मुलांचे छोटे गट, आणि परिच्छेदागणिक एकेक जण शिक्षक व्हायचा: त्याने प्रश्न विचारायचा, थोडक्यात सांगायचं, अडलेलं सोडवायचं, पुढे काय येईल ते म्हणायचं. सुरुवातीला शिक्षक बराच भार उचलतात, मग हळूहळू हात काढून घेतात. आपल्याकडे ५ सप्टेंबरला दहावीच्या मुली साड्या नेसून पाचवीवर तास घेतात, तेव्हा त्या किती मन लावून धडा वाचून येतात ते तुम्ही पाहिलंच असेल. तीच हौस एका परिच्छेदापुरती वापरायची, साडीशिवाय. फक्त सुरुवातीचे तास गोंधळाचे जातील आणि शेजारच्या वर्गावरून निरोप येईल, याची तयारी ठेवा.

आणखी एक. मुलांच्या डोक्यात या युक्त्या ‘मराठीच्या तासाच्या’ आहेत. विज्ञान उघडलं की त्या दप्तरात जातात. खरी गरज मात्र तिथेच आहे, चार गुणांच्या उताऱ्यात नाही. नववीच्या विज्ञानात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा पाठ आहे. कार्य म्हणजे बल आणि बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन यांचा गुणाकार. वाक्य मुलं घडाघडा म्हणतात, कुठेही अडत नाहीत, समासात प्रश्नचिन्ह नाही. मग विचारा: ‘डोक्यावर उसाची मोळी घेऊन सपाट रस्त्याने एकसारख्या चालीने चालणाऱ्या बाईने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती कार्य केलं?’ उत्तर शून्य. वर्ग खवळेल. ‘शून्य? मग तिची मान कशाला दुखते?’ हा प्रश्न आला म्हणजे वाचन सुरू झालं. विज्ञानाच्या शिक्षकांना एका तासापुरतं सोबत घ्या. ते ‘माझा पोर्शन मागे आहे’ म्हणतील, तरी चिकाटी सोडू नका. आपण ज्याला ‘पाठ केलं पण समजलं नाही’ म्हणतो, ते विज्ञानाइतकं स्वच्छ मराठीत उघडं पडत नाही; कविता न समजताही मूल रसग्रहण लिहून मोकळं होतं.

मुलांचं मत पुन्हा घ्यायचंच असेल, आणि मी तर म्हणेन घ्याच, तर ‘उपयोगी वाटते का’ हे विचारू नका. उतारा सोडवून झाल्यावर, गुण कळण्याआधी, कोपऱ्यात लिहायला सांगा: ‘मला किती मिळतील?’ मग गुण द्या. दोन आकड्यांमधलं अंतर मुलांना स्वतःला दिसतं, त्यावर तुम्ही एक शब्द बोलायची गरज नाही. हे महिनाभर चाललं की अंदाज जवळ येऊ लागतात का ते बघा. ते येऊ लागले तर तो तुमच्या प्रयोगाचा खरा परिणाम, गुण वाढायच्या आधी दिसणारा.

दुसरं, ‘मला समजतंय का हे मी वाचताना तपासतो’ या विधानापुढे ‘नेहमी’ अशी खूण करणाऱ्यांना एक उतारा असा द्या, ज्यात विसंगती पेरलेली आहे. उदाहरणार्थ, पहिल्या परिच्छेदात गावात वीज आलेली नाही असं सांगायचं आणि तिसऱ्यात आजी पंख्याचं बटण दाबून झोपते. एलेन मार्कमन यांनी १९७९ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना असे मजकूर दिले, तेव्हा कितीतरी मुलांना त्यात काही खटकलंच नाही, वयाने मोठ्या असलेल्यांनाही. तुमच्या वर्गातल्या किती जणांनी आजीचा पंखा पकडला हे मोजा. तो आकडा तुमच्या ‘नेहमी’च्या आकड्याशेजारी ठेवला की प्रश्नावलीच्या तळाशी मुलांनी लिहिलेल्या त्या दोन वाक्यांचा अर्थ मुख्याध्यापकांनाही आपोआप कळेल.

हे सगळं करण्याआधी एक तपासणी मात्र राहून जाऊ देऊ नका. मुलं घडाघडा वाचतात असं तुम्ही लिहिलंय. सगळी? वर्गात मोठ्याने वाचायला कोण उभं राहतं हे आठवून बघा. दरवेळी तीच सात-आठ जणं असतात. मुलांना काय येतं ते तपासणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांकडे पाहिलं होतं, त्यातल्या सुमारे चौथाई मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता. नववीचं वयही नेमकं त्या वयोगटाच्या खालच्या टोकाला लागून आहे. प्रत्येकाला एकेकटं बाहेर बोलावून, व्हरांड्यात, एक परिच्छेद वाचायला लावा. जो अक्षराअक्षराला ठेचकाळतोय त्याच्यासाठी ‘स्वतःला प्रश्न विचार’ ही शिक्षा आहे. त्याला आधी रोज थोडं सोपं वाचायला मिळायला हवं, लाज न वाटता. त्या मुलांचे गुण बाकीच्यांच्या सरासरीत मिसळू नका, नाहीतर ना त्यांचं खरं कळेल ना इतरांचं.

तेव्हा चालू ठेवायचं, पण याच स्वरूपात नाही. अहवालात आहे तेच लिहा. युक्त्या शिकवल्या, मुलांनी त्या नेहमी वापरतो असं सांगितलं, गुण हलले नाहीत. कृतिसंशोधनात ‘फरक पडला’ असंच निघायला हवं असा एक अलिखित दंडक झाला आहे, त्यामुळे दरवर्षी शेकड्याने यशस्वी प्रयोग फायलींना लागतात आणि वर्ग होते तिथेच राहतात. तुमचा निष्कर्ष त्यांच्यापेक्षा कामाचा आहे. पुढच्या सत्रात काय बदलणार याचं एक पान जोडा: प्रश्नांचा प्रकार, दोनच युक्त्या, आणि मत घेण्याची बदललेली रीत. ‘नमुना लहान आहे’ वगैरे मर्यादा लिहाच, पण त्यांच्या आड लपू नका. चाचणीचा उतारा मात्र गाइडातून घेऊ नका. तो अर्ध्या वर्गाने आधीच सोडवलेला असतो.

आता घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांबद्दल. त्यांचा प्रश्न लहान नाही. पान उलटं ठेवून सांगायची वेळ आली की त्यांना कन्नडमध्ये सांगू द्या, जोडीदारही तसाच निवडून द्या. मराठीत दोन तुटक वाक्यं लिहिणारं मूल कन्नडमध्ये सगळी गोष्ट कारणांसकट सांगत असेल, तर त्याचं आकलन ठीक आहे, लिहिण्याची मराठी कमी पडते आहे. आणि त्यावरचा इलाज पूर्ण वेगळा, वाचनाच्या युक्त्यांशी त्याचा संबंध नाही. तुम्हाला स्वतःला कन्नड कळत नसेल तर ते कळणारं शाळेत कोणीतरी असेलच. शिपाई मामांना येत असेल तर एका तासाला त्यांनाच मागच्या बाकावर बसवा आणि मूल काय म्हणालं ते नंतर विचारून घ्या. घंटा कोण देणार हे मात्र त्या दिवशी आधी ठरवून ठेवा.